नारिंगी छपराखाली

आज पाककृती नाही, आरोग्याचा सल्ला नाही, योजनेच्या अर्जाची माहितीही नाही. आज एका खानावळीचा इतिहास सांगणार आहोत. म्हणजे खानावळ एक नव्हती. हजारावर होत्या आणि लांबून ओळखू यायच्या त्या नारिंगी छपरावरून. आज त्यातली एकही चालू नाही.

हा विषय कुठून निघाला ते आधी सांगतो. रस्त्याकडेला आमच्या गटाचं पिठलं-भाकरीचं छोटं केंद्र आहे, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणींना माहीत आहे. पावसाळ्यात एक गृहस्थ तिथे जेवून गेले आणि आठ दिवसांनी परत आले ते प्रस्ताव घेऊन. जागा माझी, शेड माझी, भांडीकुंडी माझी, तुम्ही फक्त गटाचं नाव द्या. चटण्या, मसाला, पीठ सगळं तुमच्याकडूनच घेईन, असं त्यांचं म्हणणं. आणि एक नाही, दोन ठिकाणी. बैठकीत दोन तट पडले. घरबसल्या पैसा येतोय तर नाही कशाला म्हणायचं, असं निम्म्या जणींचं मत. आमच्या सगळ्यांत थोरल्या आक्का मात्र एवढंच म्हणाल्या, "तिथली भाकरी करपली तर शिव्या कुणाला बसतील?" यावर कुणाला बोलता येईना. मग असं आधी कुणी करून पाहिलंय का, ते आम्ही शोधायला बसलो आणि शोधता शोधता पार अमेरिकेत पोचलो.

बोस्टन शहराच्या दक्षिणेला समुद्रकाठी क्विन्सी नावाचं गाव आहे. त्याच्या वोलस्टन भागात १९२५ साली हॉवर्ड जॉन्सन नावाच्या माणसाने दोन हजार डॉलर उसने घेऊन औषधाचं दुकान घेतलं. शाळा लहानपणीच सुटलेली, वडिलांचा सिगारचा धंदा होता तो बुडालेला, आणि वडील गेले ते डोक्यावर कर्ज ठेवून. तेव्हाच्या अमेरिकेतल्या औषधाच्या दुकानात नुसत्या गोळ्या-बाटल्या नसायच्या. वर्तमानपत्रं मिळायची, सिगार मिळायचे, आणि एका बाजूला सोडा-आइस्क्रीमचा कट्टा असायचा. औषधापेक्षा गर्दी या कट्ट्यावरच जास्त, हे हॉवर्डच्या लवकर लक्षात आलं. त्याने आइस्क्रीम बदललं. त्यात लोण्याचा अंश जवळजवळ दुप्पट केला आणि अस्सल माल वापरला. लोक रांगा लावायला लागले. हळूहळू अठ्ठावीस स्वाद झाले आणि अठ्ठावीस हा आकडाच त्याची खूण होऊन बसला. उन्हाळ्यात त्याने समुद्रकाठी टपऱ्या टाकल्या आणि पाच-पाच सेंटला कोन विकले.

या आइस्क्रीमच्या कृतीबद्दल दोन गोष्टी सांगतात. एक म्हणते, कृती त्याच्या आईची. दुसरी म्हणते, हातगाडीवर आइस्क्रीम विकणाऱ्या एका म्हाताऱ्या जर्मन माणसाकडून त्याने ती विकत घेतली. खरी कुठलीही असो, पाटीवर नाव लागलं ते हॉवर्डचं. हे वाचून आमच्यातल्या दोघीतिघी हसल्या. का हसल्या, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

१९२९ साली क्विन्सीत त्याने पहिलं मोठं रेस्टॉरंट काढलं. इथे नशिबाने हात दिला. युजीन ओनील नावाच्या मोठ्या नाटककाराचं एक नाटक बोस्टनच्या महापौरांनी अश्लील म्हणून शहरात होऊ दिलं नाही. नाटकवाल्यांनी बिऱ्हाड उचललं आणि प्रयोग क्विन्सीत लावले. नाटक पाच तासांचं, मध्ये जेवणाची सुट्टी. बोस्टनची सगळी बडी मंडळी सुट्टीत जवळच्या या नव्या खानावळीत जेवायला यायची आणि गावोगाव तिचं नाव करायची. महापौरांनी बंदी घातली नसती तर काय झालं असतं कोण जाणे!

पण त्याच वर्षी अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. बँका बुडाल्या, लाखो लोकांचं काम गेलं. दुसरी खानावळ काढायची तर कर्ज देणार कोण? या अडचणीतून जी वाट निघाली, तिच्यासाठी आम्ही ही सगळी गोष्ट सांगायला घेतली. १९३५ साली केप कॉड या समुद्रात घुसलेल्या चिंचोळ्या भागात ऑर्लीन्स गावी हॉवर्डच्या ओळखीच्या एका माणसाची जागा होती. हॉवर्डने त्याला सांगितलं : जागा तुझी, इमारत तू बांध, पैसा तू घाल, नाव माझं लाव आणि माल माझ्याकडून घे. याला आज फ्रँचायझी म्हणतात. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांचं बोलणं आठवा. अक्षर न अक्षर तेच!

मात्र नाव देऊन हॉवर्ड मोकळा झाला नाही. त्याने नियमांचं एक जाडजूड बाड केलं. पदार्थ कसा वाढायचा, किती वाढायचा, वाढणाऱ्या मुलीने कसं उभं राहायचं, कपडे कसे ठेवायचे, सगळं त्यात लिहिलेलं. लोक त्याला हॉवर्ड जॉन्सनचं बायबल म्हणायचे. तो स्वतः न सांगता गाडीतून यायचा आणि तपासणी करायचा. म्हणजे आक्कांचा प्रश्न त्यालाही पडलेला होता. नाव माझं आहे, तर करपलेली भाकरीही माझीच.

आता तेव्हाच्या रस्त्याची कल्पना करा. मोटारी नव्यानेच सामान्य लोकांच्या हाती आल्या होत्या. नवरा गाडी चालवतोय, मागे दोन पोरं, पुढे बायको. दुपार झाली, पोरं भुकेली, रस्त्यात एखादी टपरी दिसते. तिथलं मांस ताजं की शिळं, संडास स्वच्छ की नाही, आत बसलेली माणसं कशी, काही कळायला मार्ग नाही. एसटी कुठल्याशा अनोळखी थांब्यावर उभी राहते तेव्हा पोराला घेऊन खाली उतरायचं की नाही, हे आपण जसं खिडकीतून अंदाज घेऊन ठरवतो, तसंच. अशा वेळी लांबून नारिंगी छप्पर दिसलं की त्या बाईला आत काय आहे ते आधीच ठाऊक असायचं. तेच आइस्क्रीम, तसंच सॉसेज, स्वच्छ बाथरूम, मुलांसाठी वेगळं मेनूकार्ड. घरापासून तीनशे मैलांवर असली तरी फरक नाही. छपराचा रंगही त्यासाठीच होता, धावत्या गाडीतून नजरेत भरावा म्हणून. लोक पैसे मोजायचे ते चवीचे, आणि चवीइतकेच या भरवशाचे.

चार वर्षांत खानावळी शंभराच्या वर गेल्या. १९४० साली पेनसिल्व्हेनिया राज्यात अडीचशे किलोमीटरचा टोलचा मोठा रस्ता सुरू झाला आणि त्यावर खाण्याची सोय जॉन्सनकडे आली. अशा रस्त्यावरून मध्येच खाली उतरता येत नाही. भूक लागली की तिथेच जेवायचं. इतकी पक्की गिऱ्हाइकं कुणाला मिळतात?

लगेच युद्ध आलं. पेट्रोलचं रेशनिंग झालं आणि लोकांनी गाड्या दारात लावून ठेवल्या. १९४४ पर्यंत चालू खानावळी उरल्या फक्त बारा. जॉन्सनने त्या काळात युद्धसामग्रीच्या कारखान्यांना जेवण पुरवलं आणि दिवस काढले. हा मुद्दा आम्ही बैठकीत दोनदा वाचला. रस्त्यावरची गाडी थांबली की रस्त्यावरची चूल विझते. पुढे तीस वर्षांनी नेमकं हेच पुन्हा होणार होतं.

युद्ध संपलं आणि नारिंगी छपरांचा पूर आला. १९५४ साली बत्तीस राज्यांत चारशे खानावळी होत्या. त्याच वर्षी जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना इथे त्यांनी मुक्कामाच्या खोल्याही सुरू केल्या, म्हणजे रात्री जेवा, तिथेच झोपा, सकाळी पुढे जा. सगळीकडे एकच चव राहावी म्हणून मोठी मध्यवर्ती स्वयंपाकघरं उभारली. पदार्थ तिथे शिजायचा, गोठवायचा आणि ट्रकने शेकडो मैल जायचा. खानावळीत फक्त गरम करून वाढायचा. त्यांचा एक पदार्थ फार गाजला. मोठ्या शिंपल्यांतल्या मांसाच्या पट्ट्या पिठात घोळवून तळलेल्या. आपल्या कोकणातल्या तिसऱ्यांची थोरली भावंडं म्हणा. समुद्र कधी न पाहिलेल्या गावांतली पोरं त्या आवडीने खायला लागली.

पुढे या स्वयंपाकघरात दोन नामांकित फ्रेंच आचारी आले. पिएर फ्रेने आणि झाक पेपँ. न्यूयॉर्कच्या अत्यंत महागड्या हॉटेलात ते काम करायचे, जॉन्सन तिथे नेहमी जेवायला जायचा. पेपँना त्याच सुमारास अमेरिकेच्या अध्यक्षांच्या घरी स्वयंपाकी म्हणून बोलावणं होतं. ते सोडून ते या रस्त्यावरच्या खानावळीत आले, आणि काही दिवस साध्या शाखेत पट्टीवर उभं राहून हॅम्बर्गर भाजायला शिकले. मग मोठ्या कढईकडे वळले. वाळवलेल्या कांद्याऐवजी ताजा कांदा घातला, मार्गारीनऐवजी लोणी घातलं. हजारो माणसांचा रस्सा एका वेळी शिजवायचा आणि तरी तो घरच्यासारखा लागला पाहिजे. ज्यांनी लग्नाच्या पंगतीची आमटी केली आहे त्यांना हे किती अवघड ते विचारा. पेपँ तिथे दहा वर्षं राहिले.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण कुटुंबाची खानावळ म्हणताना कुणाचं कुटुंब, हे विचारल्याशिवाय आम्हाला पुढे जाता आलं नाही.

१९५७ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. आफ्रिकेतला घाना हा देश त्याच वर्षी मार्चमध्ये स्वतंत्र झाला होता. त्याचे अर्थमंत्री कोम्ला ग्बेडेमा अमेरिकेत आले होते. न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला गाडीने जाताना डेलावेअर राज्यातल्या डोव्हर इथे ते आणि त्यांचे कृष्णवर्णीय अमेरिकन सचिव नारिंगी छपराखाली थांबले. दोन ग्लास संत्र्याचा रस मागितला. वाढणाऱ्या बाईने रस बांधून हातात दिला आणि सांगितलं, काळ्या माणसांना इथे बसता येत नाही, बाहेर नेऊन प्या. ग्बेडेमांनी आपण कोण ते सांगितलं. व्यवस्थापक आला, त्यानेही तेच सांगितलं. अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन घानाला आले तेव्हा ग्बेडेमांनी त्यांचं घरी आदरातिथ्य केलं होतं. आणि इथे, रस्त्यावरच्या खानावळीत, पैसे मोजूनही खुर्ची नाही. त्यांनी पैसे दिले, रस तिथेच ठेवला आणि निघून गेले. बातमी जगभर झाली. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना आपल्या घरी नाश्त्याला बोलावून माफी मागितली.

मंत्री होते म्हणून माफी मिळाली. तिथल्या साध्या काळ्या कुटुंबाचं काय? प्रवासाला निघताना काळ्या बाया शिदोरी बांधून घ्यायच्या, कारण कुठे खायला मिळेल याचा नेम नसायचा. कुठल्या गावात कुठे जेवता येईल, कुठे झोपता येईल याची यादी देणारं एक पुस्तकच निघायचं, व्हिक्टर ग्रीन नावाच्या टपाल खात्यातल्या माणसाने १९३६ पासून चालवलेलं. लांबून दिसणारं नारिंगी छप्पर गोऱ्या बाईला धीर द्यायचं. काळ्या बाईला मात्र पोरांना गाडीतच दामटून पुढे न्यावं लागायचं. आपल्याकडे एकेकाळी चहाच्या टपरीवर वेगळी कपबशी कुणासाठी टांगलेली असायची, हे ज्यांना आठवतं त्यांना यातली जळजळ समजेल. आणि आणखी एक गोष्ट आम्हाला खटकली. नियम कुणीतरी वर बसून केलेला, पण 'बाहेर जा' हे तोंडावर सांगायला उभी होती ती वाढणारी बाई.

१९६२ पासून या खानावळींविरुद्ध सत्याग्रह सुरू झाले. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरम गावी १९६३ च्या मे महिन्यात हजारो लोक या खानावळीच्या आवारात जमले आणि गाड्या लावायच्या जागेवर बसून राहिले. शेकडोंना अटक झाली. त्यांत कॉलेजात शिकणाऱ्या मुली पुष्कळ होत्या. १९६४ च्या जुलैत देशभर कायदा झाला आणि कुठल्याही खानावळीला रंगावरून माणूस परत पाठवता येईना.

आता घसरणीकडे येऊ. १९५९ साली कारभार मुलाकडे गेला. त्याचंही नाव हॉवर्डच, वय सव्वीस. १९६१ साली कंपनीचे शेअर बाजारात आले. तेव्हा सहाशेवर खानावळी होत्या. १९६५ साली तर त्यांची विक्री मॅकडोनाल्ड्स, बर्गर किंग आणि केएफसी या तिघांच्या एकत्र विक्रीपेक्षा जास्त होती, असं सांगतात. ही तिन्ही नावं आपल्या तालुक्यातल्या पोरांनाही तोंडपाठ आहेत. चौथं नाव कुणी ऐकलंय का?

मुलगा हुशार नव्हता असं नाही. पण बापाचा दिवस खानावळीत जायचा, मुलाचा हिशेबात. कंपनी बाजारात आल्यावर दर तिमाहीला नफा दाखवायचा असतो. नफा वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे खर्च आवळणं. वाढणारी माणसं कमी झाली, मग गिऱ्हाइकाला वाट बघावी लागली. जुन्या इमारतींची डागडुजी मागे पडली. यातली कुठलीही एक गोष्ट धंदा बुडवत नाही. आमटीत एक दिवस पाणी जास्त झालं तर कुणी पान टाकून उठत नाही. पण तेच गिऱ्हाईक पुढच्या खेपेला गाडी थांबवताना क्षणभर विचार करतं.

आणि आता विचार करायला पर्याय होते. १९५६ च्या कायद्याने देशभर नवे महामार्ग बांधले जात होते. काही जुने रस्ते, त्यांच्यावरच्या खानावळींसकट, बाजूला पडले. नव्या रस्त्यांवर बर्गरवाले आले. त्यांच्याकडे चार पदार्थ, वाढपी नाही, ताट नाही, पाच मिनिटांत पुडी हातात, किंमत कमी. जॉन्सनचं मेनूकार्ड लांबलचक, जेवायला तास लागायचा. पोरांनाही आता अठ्ठावीस स्वादांचं अप्रूप उरलं नव्हतं.

थोरले हॉवर्ड १९७२ साली वारले. पुढच्याच वर्षी अरब देशांनी तेल अडवलं. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, लोकांनी लांबचे प्रवास रद्द केले. कंपनीची बहुतेक कमाई मोटारीने फिरणाऱ्यांकडून यायची. १९४४ चा धडा घरातच होता, पण तो ज्याला आठवायचा तो माणूस राहिला नव्हता.

तरीही १९७९ साली हजारावर खानावळी आणि पाचशेवर मुक्कामाची ठिकाणं होती. त्या वर्षी मुलाने सगळा पसारा इंग्लंडच्या इम्पीरियल ग्रुप या कंपनीला विकायचं ठरवलं, त्रेसष्ट कोटी डॉलरला. त्यांचा मूळ धंदा सिगारेटचा. सहा वर्षांत त्यांनीही हात टेकले आणि १९८५ साली निम्म्या किमतीत मॅरियट कंपनीला विकून टाकलं. मॅरियटला हव्या होत्या त्या मोक्याच्या जागा. कंपनीच्या मालकीच्या खानावळींवर दुसऱ्या पाट्या चढल्या किंवा त्या पाडल्या. मुक्कामाची ठिकाणं आणि नाव दुसऱ्याच कंपनीकडे गेलं.

आणि ज्यांनी नाव घेऊन स्वतःच्या पैशाने खानावळी काढल्या होत्या ते? ते अधांतरी राहिले. मालक बदलला, माल देणारी स्वयंपाकघरं गेली, जाहिरात गेली. १९८६ साली त्यांनी आपसात संघटना केली आणि नाव चालवायचा हक्क मिळवला. एका अर्थी तो त्यांचा बचत गटच. बरीच वर्षं त्यांनी तग धरला. पण मालक म्हातारे होत गेले, मुलांना हा धंदा नको होता, एकेक दिवा विझत गेला. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधली खानावळ २००५ साली बंद झाली. मेन राज्यातल्या बँगॉरमधली २०१६ साली. अशा ठिकाणी अर्धं आयुष्य वाढपात घालवलेल्या बाया होत्या. गिऱ्हाइकांना त्यांची नावं ठाऊक, त्यांना गिऱ्हाइकांच्या नातवंडांची. मालक चार झाले, ताट घेऊन येणारी तीच. आम्हाला वाटतं, शेवटची काही वर्षं छपराचा भरवसा याच बायांनी सांभाळला. शेवटची खानावळ न्यूयॉर्क राज्यात लेक जॉर्ज गावी होती. ती २०२२ साली बंद झाली. हॉवर्ड जॉन्सन हे नाव आज काही हॉटेलांवर आहे. त्या खानावळीतलं जेवण मात्र कुठेच मिळत नाही.

आमच्या गटात ही गोष्ट सांगून झाली तेव्हा वाटलं होतं, आता मत पक्कं होईल. झालं उलटंच. नाव द्यायला तयार असलेल्या जणी म्हणाल्या, बघा, त्याने दिलं म्हणून तर शंभर झाल्या. नको म्हणणाऱ्या म्हणाल्या, बघा, तपासायला जाणारा गेला आणि काय झालं. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते गृहस्थ त्यांच्या केंद्रात सगळ्यांना आत बसवून जेवायला घालणार आहेत का? ते आधी लिहून घ्या." मग करारात काय लिहायचं याची यादी सुरू झाली. पीठ कुठल्या गिरणीचं, मसाला किती दिवसांत संपवायचा, तपासणीला आमच्यातल्या कुणी कधी जायचं आणि तिचं गाडीभाडं कुणी द्यायचं, चव बिघडली तर पाटी कुणी उतरवायची. रात्री नऊपर्यंत सतरा कलमं झाली. गाडीभाड्याच्या कलमावरून अजून वाद चालू आहे. बुधवारी पुन्हा बैठक आहे, ते गृहस्थही येणार आहेत.